आशा आणि अंगणवाडी ताईंचा मोबदला: हिशेब कसा मांडायचा, थकलेले पैसे कसे मिळवायचे

गेल्या महिन्यात खात्यात किती जमा झाले, हे प्रत्येक आशाताईला पाठ असतं. ते कशाकशाचे जमा झाले, असं विचारलं की बहुतेक जणी पासबुक पुढे करतात, आणि पासबुकात त्याचं उत्तर नसतं. अंगणवाडी ताईंचं थोडं वेगळं. मानधनाचा आकडा ठरलेला असतो, पण प्रोत्साहन भत्ता, प्रवास भत्ता, इंधनाचं बिल, सरकारी योजनांचे अर्ज भरल्याचे पैसे यातलं काय आलं आणि काय राहिलं, हे कुणीच नीट सांगू शकत नाही. योग्य मोबदल्याची लढाई रस्त्यावर होते हे खरंच, पण तिची सुरुवात या हिशेबापासून होते. आज मंजूर असलेली रक्कम दर महिन्याला पूर्ण हातात पडत नसेल, तर उद्या वाढलेल्या रकमेचंही तेच होईल.

हा लेख महाराष्ट्रातल्या आशा स्वयंसेविका, त्यांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक, अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांच्यासाठी आहे. यांच्या घरात शिकलेली मुलं-मुली असतील तर त्यांनी तो वाचावा आणि एक संध्याकाळ आईसोबत पासबुक घेऊन बसावं.

पहिलं काम: आपला आकडा कुठल्या कागदात आहे ते शोधा

मानधनाची बातमी वर्तमानपत्रात येते, मंत्री सभेत सांगतात, मोबाइलवर फिरते. यातल्या कशावरही पैसे मिळत नाहीत. पैसे मिळतात ते शासन निर्णयावर, म्हणजे जीआरवर. आशा आणि गटप्रवर्तकांचे निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाचे असतात, अंगणवाडीचे महिला व बालविकास विभागाचे. दोन्ही महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या भागात विभाग आणि तारीख निवडून फुकट उतरवता येतात. सापडला नाही तर संघटनेच्या तालुका कार्यकर्तीकडे प्रत असतेच.

जीआर हातात आला की तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढा: वाढ कोणत्या तारखेपासून लागू, कोणत्या अटींवर, आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कोणत्या खात्यातून. पुढे कुणी ‘निधी नाही’ म्हणालं तर नेमका कोणता निधी नाही, हे विचारायला लेखाशीर्ष उपयोगी पडतं. आणि तारीख का महत्त्वाची, त्याचं उदाहरण ताजं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आशा-गटप्रवर्तकांचा संप झाला. त्यानंतर राज्य मंत्रिमंडळाने आशांच्या मोबदल्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली ती मार्च २०२४ मध्ये, पण लागू केली नोव्हेंबर २०२३ पासून. म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांचा २०,००० रुपयांचा फरक प्रत्येकीचा निघत होता. ज्यांनी जीआर वाचला त्यांनी फरक मागितला. बाकीच्या ‘वाढ झाली’ एवढ्यावर समाधानी राहिल्या.

आज हिशेबाला धरायचे ढोबळ आकडे असे. अंगणवाडी सेविकांच्या मानधनातला केंद्राचा वाटा १ ऑक्टोबर २०१८ पासून ३,००० वरून ४,५०० झाला, मदतनिसांचा १,५०० वरून २,२५०. त्यावर राज्य आपला वाटा घालतं. राज्यात २०२३ च्या अर्थसंकल्पात सेविकांचं एकूण मानधन ८,३२५ वरून १०,००० आणि मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५०० झालं. ४ डिसेंबर २०२३ पासूनच्या दीर्घ संपानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते अनुक्रमे १३,००० आणि ७,५०० झालं. शिवाय कामाच्या निकषांवर सेविकेला २,००० आणि मदतनिसाला १,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन भत्ता. हा भत्ता मानधनात मिसळून धरू नका. त्याच्या अटी वेगळ्या आहेत आणि कपातही तिथेच होते.

आशाताईंचा महिना तीन भागांत मांडा

आशांचा हिशेब किचकट आहे, कारण पैसे तीन वाटांनी येतात आणि तिन्हींचं वेळापत्रक वेगळं.

पहिला भाग राज्याचा ठरावीक मोबदला. मार्च २०२४ च्या वाढीनंतर तो दरमहा १०,००० रुपये आहे.

दुसरा केंद्राच्या नियमित कामांचा. हा २०१८ मध्ये महिना १,००० वरून २,००० झाला आणि २०२५ मध्ये केंद्राने तो ३,५०० केल्याचं संसदेत सांगितलं. याला ‘ठरावीक’ म्हणतात खरं, पण तो आतून तुकड्यांचा असतो. २०१८ च्या विभागणीत ग्राम आरोग्य व पोषण दिनाला २००, ग्राम आरोग्य समितीच्या सभेला १५०, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या मासिक बैठकीला १५०, आणि याद्या व नोंदवह्यांच्या पाच कामांना प्रत्येकी ३०० रुपये होते. म्हणजे एक बैठक चुकली किंवा हजेरीपटावर सही राहिली की तेवढी रक्कम कापली जाते. बैठकीला गेलात तर सही केल्याशिवाय उठू नका. बैठक केंद्रानेच रद्द केली असेल तर तसा शेरा हजेरीपटावर लिहून घ्या.

तिसरा भाग कामागणिक मोबदल्याचा. सगळ्यात जास्त गळती इथे होते, म्हणून इथे थोडं थांबू.

जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात आशाला एका बाळंतपणामागे ६०० रुपये आहेत: ३०० गरोदरपणातल्या तपासण्या पूर्ण करून घेतल्याचे आणि ३०० दवाखान्यात बाळंतपण घडवून आणल्याचे. शहरी भागात हेच २०० अधिक २००. महाराष्ट्रात ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या महिलांपुरती आहे, त्यामुळे गावातलं प्रत्येक बाळंतपण दाव्यात बसत नाही. नोंदणीच्या वेळीच रेशनकार्ड किंवा जातीच्या दाखल्याची प्रत घेऊन ठेवली तर पुढे ‘पात्रता सिद्ध नाही’ म्हणून नाव खोडलं जात नाही.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि दाव्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच. सासरच्या आशाने सात-आठ महिने तपासण्या करून घेतलेल्या असतात, बाई माहेरी जाते, तिथली आशा तिला दवाखान्यात नेते. अशा वेळी दोघींनाही वाटतं की पैसे दुसरीला गेले असतील, आणि दोघीही दावा टाकत नाहीत. बाळंतपणामागच्या मोबदल्याचे दोन भाग मुळात याचसाठी वेगळे आहेत. सासरच्या आशाने तपासण्यांचा भाग मागावा, माहेरच्या आशाने दवाखान्यातल्या बाळंतपणाचा. त्यासाठी बाई माहेरी निघण्यापूर्वी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डाच्या तपासण्यांच्या पानाचा फोटो काढून ठेवा. माहेरच्या आशाला फोन करून तो पाठवला तर तिचंही काम सोपं होतं आणि बाईचीही काळजी घेतली जाते.

बाळाच्या घरभेटींचं तसंच. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. पूर्ण झाल्या की २५० रुपये. हे काम आपल्या राज्यातूनच देशभर गेलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि बालमृत्यू मोठ्या प्रमाणात खाली आणले. ते निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आशाताईंच्या भेटींनी बाळं वाचतात हे इतक्या नीट सिद्ध झालेलं आहे, आणि त्याच भेटींचे २५० रुपये सहा-सहा महिने रखडावेत, याचा मला राग येतो.

हे २५० रुपये ४२ व्या दिवसानंतरच देय होतात. म्हणजे जूनच्या बाळंतपणाचा हा दावा जुलै-ऑगस्टच्या मासिक दावापत्रकात जातो, आणि मधल्या काळात तो विसरला जातो. त्यासोबत वजनाची नोंद, जन्मनोंदणी आणि सुरुवातीच्या लसी या गोष्टी पाहिल्या जातात. जुळी असतील तर दोन बाळांचा दावा वेगवेगळा लिहा.

बाकीचे नेहमीचे दर पटापट: ३, ६, ९, १२ आणि १५ महिन्यांच्या बाळाच्या भेटीला प्रत्येकी ५० रुपये. बाळाचं पहिल्या वर्षाचं पूर्ण लसीकरण झालं की १००, दुसऱ्या वर्षाचं झालं की ७५. साध्या क्षयरुग्णाचा औषधोपचार पूर्ण करून घेतला तर १,०००, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा असेल तर ५,०००. हिवतापाच्या रक्तनमुन्याला १५ रुपये. तुमच्या जिल्ह्यात चालू असलेली दरसूची तालुका समूह संघटकाकडून मागून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

समजा एका ग्रामीण आशाताईच्या महिन्यात दोन पात्र बाळंतपणं, दोन बाळांच्या पूर्ण झालेल्या घरभेटी, तीन पूर्ण लसीकरणं आणि मोठ्या बाळांच्या चार भेटी झाल्या. १,२०० अधिक ५०० अधिक ३०० अधिक २००, म्हणजे २,२०० रुपये. राज्याचे १०,००० आणि केंद्राचे ३,५०० धरले तर महिन्याचे १५,७००. खात्यात ११,००० दिसले तर आता तिला ठाऊक आहे की ४,७०० कुठेतरी अडले आहेत. ‘या महिन्यात कमी आले’ आणि ‘४,७०० अडले, त्यातले १,२०० जननी सुरक्षेचे’ या दोन वाक्यांत फरक आहे. दुसऱ्या वाक्याला उत्तर द्यावंच लागतं.

स्वतःची वही

सरकारी नोंदवह्या भरपूर भरता. त्या सरकारसाठी. ही वेगळी, फक्त तुमची, दोनशे पानी. रकाने मोजके ठेवा: तारीख, कुणासाठी काय काम केलं, कोणत्या दराने किती, कोणत्या महिन्याच्या पत्रकात लिहिलं, कोणत्या तारखेला किती जमा झालं, आणि शेवटचा रकाना ‘बाकी’. लाभार्थ्याचं पूर्ण नाव लिहू नका, घर क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक पुरतो. क्षयरोग किंवा कुष्ठरोगाच्या बाबतीत तर नक्कीच नको. वही घरात कुणाच्याही हातात पडते.

अंगणवाडी ताईंच्या वहीत मानधनाशिवाय हे हवं: प्रोत्साहन भत्ता आला का, बैठकीला गेल्याचा प्रवास भत्ता, आहार शिजवायचा असेल तर त्याचं बिल, केंद्र भाड्याच्या खोलीत असेल तर भाडं, आणि पदरचा खर्च. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचं मोबाइल अ‍ॅप २०२१ मध्ये आलं तेव्हापासून नोंद मोबाइलवर, पण रिचार्ज आणि नेटवर्क शोधत फिरणं ताईंच्या नशिबी. निकृष्ट मोबाइल परत करण्याचं आंदोलन त्याच वर्षी राज्यभर झालं होतं. नेटवर्क नव्हतं म्हणून नोंद राहिली असेल तर त्या दिवशीच स्क्रीनचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. प्रोत्साहन भत्ता कापला गेला तर हा फोटो एकमेव पुरावा असतो. सुट्ट्यांचाही रकाना ठेवा: वर्षाला २० दिवसांची रजा आणि १८० दिवसांची भरपगारी प्रसूती रजा केंद्राच्या योजनेतच आहे, आणि ती मागताना मान खाली घालायचं कारण नाही.

पत्रक देताना आणि दिल्यानंतर

आशांचं दावापत्रक आरोग्य सेविका आणि गटप्रवर्तक तपासतात, वैद्यकीय अधिकारी मंजूर करतात, मग ते लेखापालाकडे जातं आणि पीएफएमएस या ऑनलाइन प्रणालीतून खात्यात पैसे पडतात. चार टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यावर एखादी ओळ खोडली जाऊ शकते. म्हणून पत्रक देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मंजूर झाल्यावर पुन्हा फोटो मागा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की खोडलेली ओळ दिसते. ती कुणी आणि का खोडली हे त्याच बैठकीत, शांतपणे, सगळ्यांसमोर विचारा. गटप्रवर्तक ताईंवर राग काढू नका. त्यांच्यावर वीस-पंचवीस आशांचा भार आणि मोबदला त्यांचाही तुटपुंजा. अडवणूक बहुतेक वेळा वरच्या टेबलावर असते.

पासबुक महिन्याला एकदा छापून घ्याच. पीएफएमएसचे पैसे एकरकमी येत नाहीत. जननी सुरक्षेचे वेगळे, लसीकरणाचे वेगळे, राज्याचे वेगळे, कधी तीन महिन्यांचे एकत्र. प्रत्येक जमेसमोर पेन्सिलीने अंदाज लिहा आणि खात्री नसेल तिथे लेखापालाला विचारा: ‘या तारखेचे हे कोणत्या शीर्षाचे?’ सगळे पैसे अचानक थांबले तर आधी बँकेत जा. आधारवर आधारित जमा ही आधार शेवटी ज्या खात्याशी जोडलं गेलं तिथे पडते, आणि मध्येच गॅससाठी किंवा दुसऱ्या योजनेसाठी खातं उघडलेलं असलं तर पैसे तिकडे जाऊन बसलेले सापडतात.

पैसे अडले तर: तोंडी कमी, लेखी जास्त

एक महिना उशीर झाला तर बैठकीत विचारा. दोन महिने झाले तर अर्ज. तो अर्ज लांबलचक नको, आणि त्यात व्यथा नको. साधारण असा:

‘प्रति, वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र (गावाचं नाव). विषय: माहे एप्रिल ते जूनचा थकीत मोबदला मिळण्याबाबत. मी वरील केंद्रांतर्गत आशा स्वयंसेविका म्हणून कार्यरत आहे. सदर तीन महिन्यांची दावापत्रके मी अनुक्रमे या तारखांना सादर केली असून त्यांची छायाप्रत सोबत जोडली आहे. त्यानुसार देय रक्कम इतकी, जमा रक्कम इतकी, थकीत रक्कम इतकी. थकीत रक्कम १५ दिवसांत जमा करावी, अथवा ती नाकारली असल्यास बाबनिहाय कारण लेखी कळवावे, ही विनंती.’

दोन प्रती करा. एक द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. आवकला घेत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा. अंगणवाडी ताईंनी हाच अर्ज पर्यवेक्षिकेमार्फत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना द्यावा.

एकटीने अर्ज केला की कामाच्या चुका काढल्या जातात, हे मला माहीत आहे. त्यावर एकच उपाय आजवर चालताना पाहिला आहे: एका केंद्रातल्या सगळ्या जणींनी एकाच दिवशी, प्रत्येकीने आपापल्या आकड्यांसह अर्ज द्यायचे. सामूहिक निवेदनावर ‘पाहतो’ असं उत्तर मिळतं. वीस वेगवेगळ्या अर्जांना वीस आवक क्रमांक पडतात आणि वीस उत्तरं द्यावी लागतात.

पंधरा-वीस दिवसांत हललं नाही तर पहिल्या अर्जाच्या पोचेची प्रत जोडून तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी, आणि त्यांच्याही वर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. अंगणवाडीसाठी जिल्हा परिषदेतला महिला व बालविकास विभाग, आणि त्यापुढे एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं नवी मुंबईतलं आयुक्तालय. दर महिन्याच्या लोकशाही दिनाला जायचा सल्ला अनेक जण देतात. तिथे सेवाविषयक आणि आस्थापनाविषयक तक्रारी स्वीकारत नाहीत, त्यामुळे एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च वाया जातो. तो वाचवा.

माहिती अधिकार: दहा रुपयांचं हत्यार

लेखी उत्तर येत नसेल तेव्हा माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर विहित नमुन्यात अर्ज, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तेही माफ. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा. ‘माझे पैसे का दिले नाहीत?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा:

‘१. अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशा स्वयंसेविकांच्या एप्रिल ते जून या कालावधीतील मोबदल्यासाठी प्राप्त निधीच्या आदेशांच्या प्रती. २. सदर निधीच्या खर्चाच्या नोंदींच्या प्रती. ३. माझ्या सदर कालावधीच्या मंजूर दावापत्रकांच्या प्रती, नामंजूर बाबींवरील शेऱ्यांसह. ४. माझ्या दि. अमुक रोजीच्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत.’

चौथा मुद्दा कधीच गाळू नका. अर्ज कोणाच्या टेबलावर किती दिवस पडून होता ते त्यातून बाहेर येतं, आणि बहुतेक ठिकाणी हा अर्ज पडल्यावर माहितीच्या आधी पैसे येतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिलं अपील, त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे. नंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे वेळ फार लागतो, तेव्हा खरा जोर पहिल्या दोन पायऱ्यांवर द्या.

अंगावर पडणारी जादा कामं

सर्वेक्षण, मतदारयादी, कार्ड काढणं, शिबिराला माणसं जमवणं. गावात कोणतंही काम आलं की ते आशा आणि अंगणवाडी ताईंकडेच जातं, कारण घराघरात त्यांचीच ओळख. काही कामांना ठरलेला मोबदला आहे आणि तो मागितला जात नाही. केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून, म्हणजे बीएलओ म्हणून, मतदारयादीचं काम करणाऱ्यांचं वार्षिक मानधन निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ६,००० वरून १२,००० केलं. ते तहसील कार्यालयाकडून येतं. लाडकी बहीण योजनेचे अर्ज २०२४ मध्ये भरून घेतले, त्याला अर्जामागे ५० रुपये प्रोत्साहन जाहीर झालं होतं. कितींचे मिळाले, हे तुमच्या वहीत असायला हवं. किती अर्ज भरले याची पोर्टलवरची यादी अजून दिसत असेल तर आजच छापून ठेवा.

कुठलंही नवं काम सांगितलं की एकच प्रश्न, नम्रपणे आणि लेखी: ‘या कामाचा आदेश क्रमांक आणि मोबदल्याचा दर कळवावा.’ नकार देऊ नका, आदेश मागा. तोंडी सांगितलेलं काम तोंडीच राहतं आणि त्याचे पैसे कधीच निघत नाहीत.

अंगणवाडी ताईंची ग्रॅच्युइटी

ग्रॅच्युइटी म्हणजे सेवा संपताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या सेविका-मदतनिसांनी हा भाग सावकाश वाचावा. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या दाहोद जिल्ह्यातल्या मणिबेन भारिया यांच्या खटल्यात निकाल दिला. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सांगितलं की अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो. त्यांना मिळणारे पैसे मानधन या नावाने दिले जात असले तरी कायद्याच्या दृष्टीने ते वेतनच. थकलेल्या ग्रॅच्युइटीवर वर्षाला दहा टक्के साधं व्याज देण्याचाही आदेश झाला. २००६ मध्ये याच न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचं पद शासकीय पद नाही असं म्हटलं होतं, आणि त्या निकालाच्या आधारे प्रत्येक मागणी फेटाळली जाई. २०२२ च्या निकालाने किमान या एका हक्कापुरतं ते दार उघडलं.

हिशेब सोपा आहे. शेवटचं मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांहून जास्तीचा उरलेला काळ पूर्ण वर्ष धरतात. किमान पाच वर्षं सलग सेवा हवी. १३,००० रुपयांवर निवृत्त होणाऱ्या, २८ वर्षं सेवा झालेल्या सेविकेची रक्कम अशी: १३,००० चे १५ भागिले २६ म्हणजे ७,५००, त्याला २८ ने गुणलं की २,१०,०००. त्याच सेवेच्या, ७,५०० मानधनाच्या मदतनिसाचे सुमारे १,२१,००० रुपये. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या एकरकमी लाभाच्या रकमेशी हा आकडा ताडून पाहा, आणि ‘हेच तुमचं सगळं’ असं लिहिलेल्या कोऱ्या किंवा अर्ध्या भरलेल्या कागदावर सही करू नका.

अर्ज निवृत्तीनंतर ३० दिवसांत प्रकल्प कार्यालयाकडे करावा. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, आणि अर्ज आला नाही तरी रक्कम काढून देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावरच टाकली आहे. सोबत नेमणुकीचा आदेश, निवृत्तीचा आदेश, शेवटच्या मानधनाची नोंद दाखवणारं पासबुक. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जायचं. महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय पाहत आलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना ग्रॅच्युइटी कायदा तिच्यात सामावला गेला, म्हणून अर्जाचा चालू नमुना जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयातून घ्या, इंटरनेटवरचा जुना नको.

आशांना हा निकाल थेट लागू नाही. त्यांच्यासाठी केंद्राची वेगळी तरतूद आहे: दहा वर्षं सेवा करून काम सोडणाऱ्या आशेला २०,००० रुपये मिळत, ते २०२५ मध्ये ५०,००० केले. २० वर्षं गावाची बाळं सांभाळलेल्या बाईला ५०,००० पुरेसे नाहीत, पण तेही न मागता सोडू नका.

योग्य म्हणजे किती, आणि ते कसं मागायचं

सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्राच्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन १८,००० ठरवलं. दिवसभर केंद्र चालवणाऱ्या सेविकेला आज, इतक्या वर्षांनी, १३,००० मिळतात. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना, म्हणजे आशा-अंगणवाडी ताईंसारख्या सरकारी योजनांत राबणाऱ्यांना, कामगार मानावं, किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार तिन्ही पक्ष असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सेविकांना किमान २४,८०० आणि मदतनिसांना २०,३०० रुपये द्यावेत असं म्हटलं. तो निकाल गुजरातचा, पण आपल्या निवेदनात त्याचा उल्लेख करायला कुणाची हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निवेदनात गौरवाच्या ओळीपेक्षा वरचे आकडे लिहा.

संघटनेत जा. कोणत्या झेंड्याची, यापेक्षा ती तालुक्याला बैठका घेते का, वर्गणीची पावती देते का आणि वाटाघाटीत काय झालं ते येऊन सांगते का, हे पाहा. संपाची हाक आली तर जाण्याआधी मागच्या महिन्यांची सगळी पत्रकं सादर करून पोच घ्या, कारण संपकाळातलं मानधन कापलं जाण्याचा धोका असतो आणि त्यात जुने दावेही गाडले जातात. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी कर्मचाऱ्यांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला होता आणि गदारोळानंतर त्याला स्थगिती द्यावी लागली. ती स्थगिती एकजुटीमुळे आली.

कागद घरच्यांना माहीत हवेत

जुलै २०२४ मध्ये राज्याने आशा आणि गटप्रवर्तकांसाठी कर्तव्यावरच्या अपघाती मृत्यूला १० लाख आणि कायमच्या अपंगत्वाला ५ लाख रुपये मंजूर केले. फेब्रुवारी २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आशा, सेविका आणि मदतनीस सगळ्यांना आयुष्मान भारतचं वर्षाला ५ लाखांचं आरोग्य संरक्षण जाहीर झालं, त्याचं कार्ड काढलं नसेल तर या आठवड्यात काढा. यातलं बरंचसं वारसाला मागावं लागतं, आणि वारसाला ते माहीतच नसतं. तेव्हा नेमणूक आदेश, जीआरच्या प्रती, आधार आणि पासबुकाची छायाप्रत, विम्याचे कागद आणि ती दोनशे पानी वही एका पिशवीत ठेवा. बँकेत आणि प्रकल्प कार्यालयात वारसाचं नाव लावलं आहे का ते तपासा. लग्नाआधीचं नाव आणि आताचं नाव वेगळं असेल तर दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आजच करून त्याच पिशवीत टाका, कारण ऐन वेळी दावे बहुतेकदा या एका नावापायी अडतात.